ढोलाची जाड बाजू

आमच्या भागात 'बेस' म्हणजे चांगलं. भाकरी बेस झाली, सोयाबीन बेस निघालं, जावई बेस भेटला. म्हणून त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने माझ्या दुकानात येऊन काउंटरवर हेडफोन ठेवला आणि "याला बेसच नाही" म्हणाला, तेव्हा बाकड्यावर बसलेले आबा त्याला म्हणाले, "बेस तर दिसून राहिला. काहून नावं ठेवतूस?" गिऱ्हाइकाला इंग्रजीतला बेस, म्हणजे जाड घुमणारा आवाज, म्हणायचा होता. ते हसलं. मीही हसलो. वडिलांना हसण्यात मी तेव्हा कुणाच्या मागे नव्हतो.

आखाडा बाळापूरला माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. घर मेंढरांचं. आबांनी जन्मभर मेंढरं राखली, पुढे त्यांच्याबरोबर माझ्या थोरल्या भावाने राखली आणि मी आयटीआय करून दुकानात बसलो. घरात शिकलेला मी एकटा, तेव्हा शहाणाही मीच, असं मी धरून चाललो होतो. आबा एरवी फक्त बाजाराच्या दिवशी दुकानात टेकायचे. त्या दिवशी बाजार नव्हता. त्यांना माझ्याकडून एक काम करून हवं होतं आणि तेच सांगायला ते तिसऱ्यांदा आले होते. त्यांना दादाचा ढोल ऐकायचा होता.

दादाला जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. डोंगरकडा गावाकडून येताना कळप रस्ता ओलांडत होता. मागची दोन कोकरं अडली, ती आणायला दादा परत फिरला आणि गाडी आली. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

ढोल आधी आबांचा होता. उजवं मनगट मोडून वाकडं बसलं तेव्हा त्यांनी तो दादाच्या गळ्यात घातला. त्या ढोलाची एक बाजू बारीक, ती काडीने वाजवायची. दुसरी जाड, तिच्यावर तळहाताची थाप. काडी कुणीही मारतो, माणूस थापेवर ओळखू येतो, असं आबा म्हणायचे. दादाची थाप पडली की मायच्या मांडणीतल्या थाळ्या वाजायच्या आणि ती आतून ओरडायची, "आरं, घर पाडतूस का?" दादा गेल्यावर आबांनी ढोलाच्या दोऱ्या सैल केल्या, तो घोंगड्यात गुंडाळला आणि आढ्याला टांगला. दोऱ्या सैल केलेला ढोल आमच्याकडे कुणी मागत नाही. मागायला आलेले बघतात आणि आल्या पावली परत जातात.

म्हणजे दादाचा ढोल आता फक्त माझ्या मोबाईलमध्ये होता. नऊ मिनिटं. तो जायच्या तीनेक महिने आधी मीच भरून घेतला होता. दादाचाच हट्ट होता. वाजवणाऱ्याला आपला ढोल बाहेरून कसा ऐकू येतो ते कधी कळत नाही, ते त्याला एकदा ऐकायचं होतं. ऐकून तो नुसता "हं" म्हणाला आणि मेंढरांकडे गेला. त्या 'हं'चं मला तेव्हा काही वाटलं नाही.

आबांनी आधी तो मोबाईलवरच ऐकला. हातात धरून, कानाला लावून, मग उलटा धरून.

"नुसती टिकटिक येऊन राहिली," ते म्हणाले. "जाड बाजू कुठं हाय?"

मी त्यांना समजावलं, म्हणजे शिकवणी घेतली. मोबाईलचा स्पीकर शेंगदाण्याएवढा, त्यातून जाड आवाज निघत नाही, वगैरे. मग कानात घुसवायचे इअरफोन दिले. अर्ध्या मिनिटात त्यांनी ते उपटून माझ्या हातावर ठेवले. कान कोंडला म्हणाले, मेंढरं ऐकू येईनात. आबा मेंढरं डोळ्यांनी कमी आणि कानांनी जास्त राखतात. पाठमोरे बसलेले असले तरी कुठली मेंढी खोकली, कुठलं कोकरू आईपासून चुकलं हे त्यांना कळतं. साठ वर्षं ज्या कानांवर कळप सांभाळला ते बुजवून घ्यायला ते तयार नव्हते, दादासाठीसुद्धा नाही. मला याचा राग आला. पोराचा आवाज ऐकायचाय की मेंढरांचा, असं मी बोलूनही गेलो.

आणि मग हा हेडफोन. गिऱ्हाईक पुण्याहून गावी परतलेलं. एका कानाची तार तुटली होती, ती मी जोडून दिली, पण त्याचा जीव त्यावरून उडालाच होता. ठेवा तुम्हालाच, म्हणाला. या जातीच्या हेडफोनची पाठ बंद नसते, जाळीची असते. आवाज मोकळा येतो, बाहेरचंही ऐकू येतं, पण जाड आवाज त्याच जाळीतून निसटून जातो. मी तो आबांच्या कानावर चढवला. त्यांनी थोडा वेळ काही न लावताच ऐकलं. समोरून एसटी गेली, शेजारच्या हॉटेलात कपबशा वाजल्या. "ह्ये बेस हाय," ते म्हणाले. "कान उघडाच ऱ्हातो." मग मी दादा लावला.

दोन मिनिटं ऐकून ते म्हणाले, "लांबून येऊन राहिला. पल्याडच्या शिवारात वाजवल्यावानी. जाड बाजू न्हाईच." डोळे पुसायला त्यांनी धोतराचा सोगा उचलला, पण पुसले नाहीत, तसाच सोडून दिला. त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं आणि ते मला बघू देणार नव्हते.

त्या क्षणी मी ठरवलं की या हेडफोनमधून जाड बाजू काढायचीच. दादाला मी काहीच देऊ शकलो नव्हतो, पण ज्या कामाचं मी दुकान थाटून बसलो होतो ते तरी मला येतं, असा माझा समज होता.

मी नेटवर वाचायला बसलो. जगभर लोक हा उद्योग करतात. कुणी जाळी झाकतं, कुणी गाद्या बदलतं, कुणी आत कापूस भरतं. वाचून वाचून डोकं फिरलं. आबा पुढच्या खेपेला आले, उघडलेला हेडफोन त्यांनी हातात घेतला, जाळीतून आरपार बघितलं आणि विचारलं, "ह्याचं बूड कुठं हाय?"

"याला बूड नसतंच आबा."

"मंग उघड्या बुडाचा ढोल कुठं घुमतो?"

दहा पानांचं सार त्यांनी एका ओळीत सांगितलं. पुढे म्हणाले, "पर सगळं बुजवू नको. आपल्या ढोलाला बारीक भोक हाय न्हवं, श्वासापुरतं? तसं ठेव."

मी तसंच केलं. जाळीला आतून चिकटपट्टीचे तुकडे लावले, मधे हरभऱ्याएवढी जागा सोडली. आतल्या आवाज काढणाऱ्या पडद्याभोवती जिथे जिथे फट होती तिथे मऊ पुट्टी भरली. कानावरच्या गाद्या कापडाच्या होत्या, त्यातून हवा जायची. मोटारसायकलच्या सीटा शिवतो त्याच्याकडून पातळ रेक्झिनचे तुकडे आणले. आत भरायला आबांनी जावळ आणून दिलं. जावळ म्हणजे कोकराची पहिल्यांदा कातरलेली लोकर, ती सगळ्यात मऊ. नव्या गाद्या शिवल्या मायने, गोधडीच्या सुईने. शिवताना तिने एकदाच विचारलं, "याच्यात थोरला बोलंल का रं?" मी म्हणालो, "बोलणार नाही माय, वाजवील." तिने दोरा तोडला आणि दुसरी गादी हातात घेतली. वहिनी चुलीपाशी होती. ढोलाचं नाव निघालं की ती उठून मेंढरांकडे जायची, तशी तेव्हाही गेली.

हेडफोन खरंच सुधारला. दुसऱ्या एका ढोलपथकाचं रेकॉर्डिंग लावून बघितलं तर जाड बाजू छातीत येत होती. पण दादा लावला की पुन्हा तेच. थोडा जवळ आला होता इतकंच. इथे कुणाही शहाण्याच्या लक्षात आलं असतं. दुसरा ढोल घुमतो आणि हा घुमत नाही, म्हणजे खोट हेडफोनमध्ये नाही. माझ्या आलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी त्या हेडफोनला शिव्या देत बसलो. आणखी पट्ट्या लावल्या. लोकर दोनदा काढून भरली. गिऱ्हाइकांचे मोबाईल टेबलावर साचत गेले आणि मी लोकांवर खेकसू लागलो. दर दोन-चार दिवसांनी मी मोटारसायकल काढायचो आणि आबा जिथे मेंढरं घेऊन असतील तिथे हेडफोन नेऊन त्यांच्या कानावर ठेवायचो. ते ऐकायचे, मान हलवायचे. नाही.

शेवटी मी ती हरभऱ्याएवढी जागाही पट्टीने बुजवली, सुईच्या टोकाएवढं भोक तेवढं ठेवलं. सोयाबीन निघालं होतं आणि डोंगरकड्याजवळ एका शेतकऱ्याने खतासाठी रानात मेंढरं बसवायला आबांना बोलावलं होतं. मी दुपारी पोहोचलो. आबा लिंबाखाली बसले होते. मी दादा लावून दिला आणि मोटारसायकलची चेन घसरली होती ती बसवायला गेलो. आबा ऐकत राहिले. बाहेरचं आता त्यांना काही ऐकू येत नव्हतं. मेंढरांबरोबरच्या दोन शेळ्या कळपातून फुटल्या आणि बांधापलीकडच्या तुरीत शिरल्या. मालक ओरडत आला, आबांना पत्ता नाही. तो पुढ्यात येऊन उभा राहिला तेव्हा त्यांनी वर बघितलं. उभ्या आयुष्यात त्यांच्या जनावराने कुणाच्या पिकाला तोंड लावलं नव्हतं. त्यांनी हेडफोन काढला, उठून हात जोडले. मालक पुटपुटत गेला. मी शेळ्या हाकलून आणल्या.

"ऐकाया बसलो अन् बहिरा झालो," आबा म्हणाले. मला वाटलं आता ते हेडफोन माझ्या अंगावर फेकतील. पण ते पुन्हा खाली बसले. "लाव. एकदा सगळं ऐकू दे. तू मेंढरांकडं बघ."

मी मेंढरांकडे बघत उभा राहिलो. नऊ मिनिटं आबा डोळे मिटून बसले होते. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आता आलं सगळं ऐकू," ते म्हणाले.

"जाड बाजू?"

"ती बी आली. हाय तितकी."

"म्हणजे?"

"आडातच न्हाई तर पोहऱ्यात कुठून यील? तुझ्या यंत्राचा दोष न्हाई त्यो. त्यानं थाप मारलीच न्हाई. हात चोरून वाजवला." मांडीवरचा हेडफोन उलटा करत ते म्हणाले, "माझ्या लेकरानं कधी हात चोरला न्हाई. काहून चोरला असंल? आंगात ताप व्हता का? का हात दुखून राहिला व्हता अन् आपल्याला सांगितलं न्हाई? तुझ्यासमोर वाजवलं न्हवं त्यानं. कुणाला भेला व्हता का त्यो?"

आणि मला ती सकाळ आठवली. आठवली म्हणणं खोटं आहे. ती विसरलेली नव्हती, मीच तिच्याकडे बघत नव्हतो. दादाने पहिली थाप मारली तशी मोबाईलमधली आवाजाची पट्टी लाल झाली. मी हात वर करून थांबवलं. "दादा, आवाज फाटून राहिला. जाड बाजू हळू मार." त्याने थोडी हळू मारली. पुन्हा लाल. मी पुन्हा थांबवलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "बारक्या, हळू मारला तर ढोल कसला त्यो?" आणि मी म्हणालो, "तुला यातलं कळत न्हाई." तो हसला. काडी सावरली आणि नऊ मिनिटं तळहात नुसता टेकवत वाजवत राहिला. मोबाईल चार हात लांब ठेवला असता तरी काम भागलं असतं, पण ते मला सुचलं नाही. पट्टी हिरवी राहिली आणि मी खूश झालो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी दुसऱ्यांना पुष्कळदा ऐकवली आहे.

आबांना मी खोटं सांगू शकलो असतो. मोबाईलवर ढकललं असतं. पण ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि आपलं पोरगं काही दुखणं लपवून गेलं, हे भूत आता जन्मभर त्यांच्या मानगुटीवर बसणार होतं. मी सांगितलं. कसं थांबवलं, किती वेळा, काय शब्दात, सगळं. "तुला यातलं कळत न्हाई" हेही सांगितलं.

एक मेंढी जवळ आली, तिच्या कानातली गोचीड आबांनी काढली.

"म्हंजी दुखत नव्हतं त्याला."

"न्हाई."

"भेला बी नव्हता."

"न्हाई आबा. माझं ऐकलं त्यानं."

"बारक्याचं ऐकलं," ते म्हणाले. पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणाले, "बारक्याचं ऐकलं." त्यांनी माझ्या कानफटात दिली असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिथेच ढेकळांत बसलो आणि लहान लेकरासारखा रडलो. दादा गेला त्या दिवशी मी रडलो नव्हतो, तेव्हा कागदपत्रं आणि गाडी आणि लोक यांत होतो. आबांनी मला गप्प केलं नाही. ते उठून मेंढरांमागे गेले.

आठ दिवसांनी दुकानात मायचा फोन आला. आबांनी बोलावलंय, ते कानाचं घेऊन ये. मी घरी गेलो तर अंगणात उन्हात ढोल ठेवला होता. दोऱ्या ताणलेल्या होत्या. वाकड्या मनगटाने त्यांना ते झालं नसतं, मायने एका बाजूने धरलं असणार. कातडं तापायला ठेवलं होतं. मी काही विचारायच्या आत आबांनी हेडफोन मागितला आणि जाळीकडे बोट केलं.

"ह्या पट्ट्या काढ."

"आबा, मग जाड बाजू—"

"काढ म्हणलं न्हवं."

मी खुर्चीवर बसून हेडफोन उघडला आणि पट्ट्या नखाने खरवडून काढल्या. महिनाभराचं काम पाच मिनिटांत निघालं. मायने शिवलेल्या गाद्या तेवढ्या राहू दिल्या. आबांनी हेडफोन कानावर चढवला, दादा लावायला सांगितला आणि ढोल माझ्याकडे सरकवला.

"त्यानं सोडलेली थाप तू मार. मला बाहेरून ऐकू यील."

"मला येत न्हाई आबा."

"येत न्हाई ते ठावं हाय मला. मी बोट वर करीन तवा मार."

मी मांडी घालून बसलो. त्यांच्या कानात दादाची काडी चालली असणार, मला तिची बारीक टिकटिक जाळीतून येत होती. आबांनी बोट वर केलं. मी तळहात मारला. पुन्हा बोट, पुन्हा तळहात. कातडं गरम होतं. मला ताल कळत नव्हता, मी फक्त त्या बोटाकडे बघत होतो. दारात वहिनी येऊन उभी राहिली. या वेळी ती मेंढरांकडे गेली नाही.

आबांनी हेडफोन न काढताच माझ्याकडे बघितलं.

"हळू काहून मारून राहिला?" ते म्हणाले. "आता कोण सांगून राहिलं तुला हळू मार म्हणून?"

मी हात वर केला आणि असेल नसेल त्या जोराने मारला. आत मांडणीवर मायच्या थाळ्या वाजल्या. ती काही ओरडली नाही. आबांनी डोळे मिटले आणि पुढच्या थापेसाठी बोट वर केलं.